तांदळातले खडे आणि केडगावचे ठिपके

नोकरीची बरीच वर्षं दौंडात गेली, त्यामुळे पुण्याच्या पॅसेंजरने किती खेपा केल्या याचा हिशेब नाही. पाटस, कडेठाण झालं की केडगाव. स्टेशन आलं की शेजारचा कुणीतरी हमखास म्हणायचा, "ते पंडिता रमाबाईंचं." गाडी हलली की विषय संपायचा. मीही इतिहास शिकवणारा माणूस, पण 'मुक्ती'तल्या आंधळ्या मुलींबद्दल वाचलं ते निवृत्त झाल्यावर.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली गोळा करून केडगावला आणल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. स्वतः बाईंचे आईवडील दुष्काळातच गेलेले, त्यामुळे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. या मुलींत काही आंधळ्या होत्या. त्या काळी अशा मुलीला दोन घास देणं हेच पुण्य समजलं जाई. शिकवायचं कशाला, हा प्रश्नसुद्धा कुणाला पडत नसे.

तो पडला रमाबाईंच्या लेकीला. मनोरमाबाई अमेरिकेत शिकायला गेल्या होत्या, तिथे त्या ब्रेल शिकून आल्या आणि केडगावच्या मुलींना शिकवू लागल्या. ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांचा खेळ, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. कागदावर टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटवून डावीकडून बोटाने वाचायचं. लुई ब्रेल हा खोगीर-लगाम करणाऱ्याचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या आरीनेच त्याचा डोळा गेला, मग दुसराही गेला. पंधराव्या वर्षी त्याने ही लिपी जवळजवळ तयार केली.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला वैद्यक शिकायला गेल्या, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. म्हणजे कानाने अधू आई आणि आंधळ्यांना वाचायला शिकवणारी लेक! लेक आईच्या आधी गेली, १९२१ मध्ये. आई १९२२ च्या एप्रिलमध्ये.

आता घरातलं सांगतो. नातेवाईक वाचतायत हे माहीत आहे, रागावू नका.

आमच्या माई आत्याला पाचव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. शिरूरच्या वाड्यात ती जन्मभर तांदूळ निवडत बसली. आई म्हणायची, डोळसाला न दिसणारा खडा माईंच्या बोटाला लागतो. गावातल्या एका मास्तरांनी आजोबांना केडगावचं सुचवलं होतं. न्हावऱ्यावरून गेलं तर पन्नास किलोमीटरसुद्धा नसेल. आजोबा म्हणाले, पोर बाटेल.

आजोबांना दुष्ट म्हणवत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या धर्मांतरावरून पुण्यात केवढं वादळ झालं! 'केसरी'ने झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे मदत करणारेसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्याची धास्ती आमच्या वाड्यात तीस-पस्तीस वर्षांनीही शिल्लक होती. आणि बाई मुलींना ख्रिस्ती करत होत्या हेही खोटं नाही. पण पुण्यात आणि मुंबईत विद्वान भांडत असताना आंधळ्या मुलीला अक्षर देणारं दुसरं दार आपल्या बाजूला कुणी उघडलं होतं? पुण्याची अंधशाळा निघाली १९३४ मध्ये. तोवर आत्या बारा वर्षांची झाली होती. मग तिचं नाव कुणी काढलंच नाही.

१९७८ च्या सुमारास एका स्नेह्याने मला ब्रेलचा कागद दिला. दिवाळीला शिरूरला गेलो तेव्हा गंमत म्हणून आत्याच्या हातात ठेवला. तिने सुपातला हात पदराला पुसला. बोट एकदा फिरवलं, परत फिरवलं. एका जागी थांबली, मागे आली.

"हे दोनदा आलंय रे. इथं आणि इथं. सारखंच."

मी पाहिलं. खरंच होतं.

"काय लिहिलंय?"

मी बी.ए., शाळामास्तर. मला ते वाचता येत नव्हतं. तसं सांगितलं तर हसली, कागदाची घडी केली आणि सूप परत मांडीवर ओढलं. ती गेल्यावर ट्रंकेत तो कागद सापडला. घडीवरचे ठिपके झिजून सपाट झाले होते.