कातडे कमावणे : पन्हाळा परिसरातील एका व्यवसायाची भाषिक साक्ष

मराठीत द्रव्य कमावले जाते, आणि कातडेही कमावलेच जाते. एकाच क्रियापदाचे हे दोन उपयोग केवळ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. कातडे कमावणाऱ्यांचा इतिहास त्यांच्या स्वतःच्या शब्दांत फारसा लिहिला गेला नाही; लेखनाची साधने त्यांच्या हाती येऊ न देणाऱ्या समाजरचनेचाच तो परिणाम होय. अशा व्यवसायाच्या अभ्यासात त्याची प्रक्रिया व त्याची शब्दसंपदा यांना पुराव्याचे मोल येते. पन्हाळा व कोल्हापूर परिसराच्या आधारे हा पुरावा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर आहे. १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी येथेच होती. राजधानीच्या गडाला धान्य व दारूगोळा जसा लागे, तसेच कातडेही लागे. पाण्याची पखाल, तेलातुपाचा बुधला, घोड्याचे जीन, तलवारीचे म्यान, पायांतील वहाणा या सर्वांचा आधार कमावलेले कातडेच होता. पायथ्याच्या शेतीला पाणी देणारी मोटही कातड्याचीच असे. कमावण्यास लागणारी द्रव्येही याच मुलखात मिळत. पश्चिमेकडील पावसाच्या डोंगराळ रानांत हिरडा, आणि पूर्वेकडील सपाट, कमी पावसाच्या भागात बाभूळ. पन्हाळ्याचा डोंगर या दोन प्रदेशांच्या मधोमध उभा आहे.

हे काम कारखान्यात नव्हे, तर घराच्या अंगणात व परसात चाले. कातडे प्रथम पाण्यात भिजवून मग काही दिवस चुन्याच्या पाण्यात ठेवीत, म्हणजे केस मुळापासून सैल होत. केस व आतील बाजूचे मांस खरडून काढल्यावर चुना धुऊन टाकावा लागे. त्यानंतर बाभळीची साल व कुटलेला हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरत ठेवीत. शेवटी त्याच्या कडा शिवून पिशवी करीत, ती आडव्या लाकडाला टांगीत आणि तिच्यात साल, हिरडा व पाणी भरीत. रस कातड्यातून पाझरून खालच्या भांड्यात पडे. तो पुन्हा वर ओतावयाचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसरे टोकही तसेच मुरवावयाचे. या साऱ्याला महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ लागे. साल व हिरडा यांतील टॅनिन हे द्रव्य कातड्यातील कोलॅजनच्या तंतूंना बांधून टाकते, म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही. कुटणे, पाणी वाहणे, रस ओतणे या कामांत घरातील स्त्रीपुरुष सारेच गुंतलेले असत. ज्या धंद्याला पदोपदी पाणी लागते, तो करणाऱ्यांनाच सार्वजनिक पाणवठा बंद होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

आता शब्दाकडे वळू. संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म' आणि मराठी 'काम' ही परंपरा सर्वपरिचित आहे. 'कमावणे' हे त्याच कुळातील क्रियापद होय. हिंदीतही 'कमाना' हे द्रव्य व कातडे या दोहोंना लागते. आपण कमावलेले शरीर म्हणतो, कमावलेला आवाज म्हणतो. या सर्व प्रयोगांत एक समान अर्थ आहे: कच्च्या वस्तूवर पुनःपुन्हा श्रम करून तिला टिकाऊ व कार्यक्षम करणे. इंग्रजीतील 'टॅन' या शब्दाच्या मुळाशी ओक वृक्षाची साल आहे, म्हणजे तेथे द्रव्याला महत्त्व मिळाले. जर्मन 'गेर्बेन'चा मूळ अर्थ मात्र 'सिद्ध करणे' असा आहे. मराठी शब्द याच दुसऱ्या वर्गातला. त्याने श्रमाला नाव दिले. मल्लाच्या देहाला आणि गायकाच्या गळ्याला जे क्रियापद गौरवाने लाविले गेले, तेच कातड्याला लागते. कातडे कमावणाऱ्याच्या वाट्याला मात्र गौरव आला नाही.

शब्दांची साक्ष कधी चुकीचीही लावली जाते. कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाचे नाव 'गुरेढोरे'मधील 'ढोर' या शब्दावरून आले, अशी सरधोपट व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत या नावाबरोबरच 'कक्कय्या' व 'डोहोर' ही रूपेही आहेत. बाराव्या शतकातील शरण डोहर कक्कय्य यांचे नाव कन्नड वचनपरंपरेत प्रसिद्ध आहे. 'डोहर'चा 'ढोर' होणे ध्वनिदृष्ट्या सुलभ आहे; हकार पुढे सरकून 'ड'चा 'ढ' होतो. तेव्हा हे नाव जनावरावरून नव्हे, तर या कन्नड परंपरेशी जोडून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. एखाद्या समाजाच्या नावात पशूचा अर्थ वाचणे ही बिनपुराव्याची व्युत्पत्ती तर आहेच, पण तिने अपमानाला शास्त्राचा आधारही मिळतो.

विसाव्या शतकात हा व्यवसाय सर्व बाजूंनी बदलला. १९०३ मध्ये मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमने कातडे कमावण्याचे प्रयोग सुरू केले, आणि महिन्याचे काम दिवसांवर आले. १९१९ मध्ये शाहू छत्रपतींनी सार्वजनिक स्थळी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे सोडण्याचे आवाहन केले. स्वाभिमानासाठी काम नाकारणे हाही या इतिहासाचाच भाग आहे. पुढे पंप आले आणि मोट गेली. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, त्यामुळे जाड कातड्याचा पुरवठाही आटला.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशन मिळाले. चपलेचा पट्टा, वेणी व कान हे शब्द त्यामुळे दूरवर पोचतील. पण ज्याच्यावर ती चप्पल उभी आहे, त्या तळाचे कातडे कमावणाऱ्यांच्या बोलीतील शब्द पिशवीबरोबरच नाहीसे होऊ लागले आहेत. कातड्याच्या प्रत्येक भागाला, रसाच्या प्रत्येक पाण्याला, कच्चेपणाच्या प्रत्येक पायरीला जाणत्यांनी कोणती नावे दिली, हे त्यांच्याकडूनच, त्यांच्या संमतीने व त्यांच्या नावानिशी नोंदवून घेणे हे आपल्या विद्यार्थ्यांचे तातडीचे काम आहे. ही नोंद झाल्यावाचून मराठीचा कोणताही व्यवसायकोश पुरा झाला असे म्हणता येणार नाही.