पाऊण पैशाचा उपकर

१९७७ च्या जल उपकर अधिनियमाला दोन अनुसूच्या होत्या. उपकर कोणत्या उद्योगांनी भरायचा ते पहिलीत आणि दर काय ते दुसरीत. पहिल्या यादीत सर्वांत वर नाव होते लोहधातू उद्योगाचे. भंगार वितळवून सळया ओढणारी जालन्याची औद्योगिक वसाहत अशी थेट पहिल्याच ओळीत बसत होती. दुसऱ्या अनुसूचीत तिच्या वाट्याला आलेला कमाल दर होता एका किलोलिटरला, म्हणजे हजार लिटर पाण्याला, पाऊण पैसा. भट्टी थंड ठेवायला किंवा बॉयलरला लागणारे पाणी याच सर्वांत स्वस्त गटात मोडे.

या पैशावर चालायची होती ती संस्था म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. मंडळ कायद्याहून जुने. राज्याने १९६९ चा स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने १९७४ चा केंद्रीय जल अधिनियम काही राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १ मे १९८१ ला, जालना जिल्हा औरंगाबादेपासून वेगळा झाला होता. उपकराचा कायदा ज्या राज्यांना जल अधिनियम लागू आहे त्यांनाच लागू, असे त्याच्या पहिल्याच कलमात होते. त्यामुळे जालन्याच्या कारखान्यांवर हा उपकर जिल्हा झाल्यानंतरच बसू शकला.

वसुलीची रीत कायद्यात आणि १९७८ च्या नियमांत तपशिलाने होती. कारखान्याने पाण्याचे मीटर बसवायचे. न बसवल्यास सरकार बसवील आणि खर्च वसूल करील. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याच्या वापराचे विवरणपत्र नमुना १ मध्ये भरायचे. त्यावरून आकारणी. थकबाकीवर दरमहा २ टक्के व्याज.

आता हिशेब करून पाहू. समजा, एखादा कारखाना रोज एक लाख लिटर पाणी भट्टी थंड करण्यासाठी वापरतो. शंभर किलोलिटर गुणिले पाऊण पैसा, म्हणजे दिवसाला ७५ पैसे, महिन्याला साडेबावीस रुपये. १९९१ च्या दुरुस्तीने दर दीड पैसा झाला, म्हणजे महिन्याला ४५ रुपये. २००३ मध्ये तो ५ पैशांवर गेला, तरी महिन्याला दीडशेच. मीटर बसवणे, विवरणपत्र तपासणे, नोटीस काढणे हा सारा व्याप या रकमेसाठी. शिवाय ती मंडळाच्या हाती थेट पडतच नसे. कलम ८ प्रमाणे ती आधी भारताच्या एकत्रित निधीत जाई. तिथून संसदेच्या मंजुरीनंतर केंद्राला योग्य वाटेल तेवढा भाग राज्याच्या मंडळाकडे परत येई.

उपकर नगरपालिकांनाही होता. घरगुती वापरासाठीच्या पाण्यावर १९९१ च्या दुरुस्तीनंतर किलोलिटरला २ पैसे. सांडपाण्याचे निकष न पाळणाऱ्या नगरपालिकेला चढा दर, ३ पैसे. हे दोन आकडे मला साऱ्या कायद्यात सर्वांत बोलके वाटतात. रोज दोन कोटी लिटर पाणी पुरवणारे शहर धरले, तर नियम पाळून दिवसाला ४०० रुपये आणि मोडून ६०० रुपये. शहराची घाण प्रक्रिया न करता नदीत सोडण्याची वाढीव किंमत वर्षाला ७३ हजार रुपये. एवढ्या पैशांत सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या एका माणसाचा वर्षाचा पगारही धड निघत नाही. जालन्यात कुंडलिका नदीच्या काठी राहणाऱ्यांनी हा दर वाचायला हवा होता.

साखर कारखान्यांची कथा वेगळी. त्यांचे नाव यादीत नव्हते. ‘प्राणिज किंवा वनस्पतिजन्य पदार्थांवर प्रक्रिया करणारा उद्योग’ या नोंदीखाली त्यांना धरले जाई. सरस्वती शुगर मिल्स विरुद्ध हरियाणा राज्य मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. ऊस गाळून साखर करणे ही प्रक्रिया नसून निर्मिती आहे, असा तो निकाल. २००३ च्या दुरुस्तीने यादीच काढून टाकून पाणी वापरणारा जवळपास प्रत्येक उद्योग आत घेतला. मधली सुमारे बारा वर्षे, अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांचे साखरनिर्मितीचे पाणी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

जालन्याच्या पोलादाचा खरा त्रास मात्र धुराचा आणि धुळीचा. इंडक्शन भट्टीत भंगार पडते तेव्हा त्यावरचा रंग, तेल, गंज सगळे जळून वर उठते. पाण्याचे मीटर त्यातले काहीच मोजत नाही. १९८१ च्या वायू अधिनियमाने हवेचे काम याच मंडळावर सोपवले, पण त्यासोबत हवेवरचा कोणताही उपकर दिला नाही. वाट आधीच करून ठेवली होती: १९७८ च्या दुरुस्तीने जल अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये एक वाक्यांश घातला गेला, त्यानुसार मंडळ हवेच्या कामावरचा खर्चही आपल्या निधीतून करू शकते. जालन्यापुरता त्याचा अर्थ असा की धूर मोजण्याचा पैसा काही अंशी पाण्याच्या वापरावर अवलंबून राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर आले. पाणी जितके कमी वापरले जाईल तितका उपकरही कमी, मग भट्टीचा धूर कितीही असो.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि जल उपकर रद्द झाला. राहिले ते मुख्यतः संमतिपत्राचे शुल्क, आणि महाराष्ट्रात ते उद्योगाच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. धूर ओढून घेणारी यंत्रणा नीट चालवणारी भट्टी आणि ती बंद ठेवणारी भट्टी यांची गुंतवणूक सारखी असेल, तर या कोष्टकात दोघी सारख्याच. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जालना आहे. प्रथमच हवेसाठी म्हणून वेगळा पैसा आला, पण तो शहराच्या स्थानिक संस्थेकडे.

४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य मंडळांना पर्यावरणीय नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार मान्य केला. मात्र तो वापरण्याची तत्त्वे आणि पद्धत आधी नियमांत बांधायला हवी, अशी अट घातली. जालन्याच्या दृष्टीने त्या नियमांत दोन गोष्टी हव्यात: भरपाई चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुळीच्या मोजमापावर ठरावी, आणि वसूल झालेली रक्कम ज्या वस्तीने तो धूर सोसला तिथेच खर्च होऊन मंडळाच्या वार्षिक लेख्यात वेगळी दिसावी. जल अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे या लेख्यांचे लेखापरीक्षण होते आणि ते विधिमंडळापुढे ठेवावे लागतात.