मल्टिपल स्क्लेरोसिस

मेंदू, मेरुरज्जू व दृक्‌तंत्रिका यांचा दीर्घकालीन आत्मप्रतिरक्षा विकार. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा तंत्रिका तंतूंभोवतीच्या मायलिन या मेदयुक्त आवरणावर हल्ला करते. त्यामुळे संदेशवहन मंदावते किंवा खंडित होते, पुढे तंतूही नष्ट होतात आणि हानीच्या जागी घट्ट व्रण राहतात. फ्रेंच वैद्य झां मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिस येथे या व्रणांची लक्षणांशी सांगड घालून रोगाचे सविस्तर वर्णन केले.

रोगाची सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातापायांत मुंग्या व अशक्तपणा, तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे आणि कमालीचा थकवा ही प्रमुख लक्षणे होत. बहुतेक रुग्णांत ती झटक्यांनी उद्भवतात व काही काळाने ओसरतात. आनुवंशिक प्रवणता, एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग, ड जीवनसत्त्वाची कमतरता व धूम्रपान यांचा रोगाशी संबंध आढळला आहे.

निदानासाठी एमआरआय व मस्तिष्क-मेरुद्रवाची तपासणी करतात. तीव्र झटक्यात स्टेरॉइडे देतात. इंटरफेरॉन-बीटा, ऑक्रेलिझुमॅब यांसारख्या औषधांनी झटके कमी होतात. रोग संसर्गजन्य नाही. तो समूळ बरा करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही.