मनोऱ्यावरचे घड्याळ आणि चावी देणारा हात

आमच्या लोणखेड्याला घड्याळाचा मनोरा नाही. इथे वेळ कळायची ती शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला की, किंवा साखर कारखान्याचा भोंगा झाला की. त्याआधीच्या पिढ्यांना सूर्य पुरत असे. लग्नघरी पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडत; ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. दप्तरे चाळत शिकलेला माणूस आहे. मला पडलेला प्रश्न साधा होता. लोणखेडा पूर्व रेखांशाच्या साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे आणि भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर आमच्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरी 12 वाजून 32 मिनिटांनी. ही 32 मिनिटे आमच्याकडून कोणी आणि कधी नेली?

त्याचे उत्तर शोधताना मी नंदुरबारच्या रेल्वेपाशी आलो आणि तिथून थेट मुंबईच्या राजाबाई टॉवरपाशी पोहोचलो. वाट वाकडी वाटेल, पण तशी नाही. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश हा कापसाचाच मुलूख. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद गब्बर झाले. 1864 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पुढे आपल्या आईच्या, राजाबाईंच्या, नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि प्रेमचंदांसह अर्धी मुंबई बुडाली. मनोरा मात्र उभा राहिला. 1869 मध्ये पाया घातला, 1878 मध्ये काम पुरे झाले. उंची 280 फूट. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा; त्यांनी मुंबई कधी पाहिलीच नाही. घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली यांचे. राजाबाई जैन, अंध, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या. त्यांना वेळ कळावी म्हणून टोल्यांची सोय केली, असे सांगितले जाते. कथा गोड आहे, पण मी ती कथा म्हणूनच सांगतो.

दात्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. घड्याळ चालू ठेवण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे कोणी विचारत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे. 1881 मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईत मद्रासची वेळ लागू करायचे ठरवले. रेल्वे आणि तारखाते त्याच वेळेवर चालत. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या साधारण अर्धा तास पुढे. शहर बिथरले. विद्यापीठाचे घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवत राहिले, तेव्हा सरकारने रात्री तबकड्या उजळण्याचा खर्च द्यायला नकार दिला. सरकारने काट्यांना हात लावला नाही, दिव्याचे पैसे अडवले. देखभालीच्या पैशात केवढी सत्ता असते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

1 जानेवारी 1906 पासून आजची प्रमाणवेळ आली. ती मद्रासच्याही नऊ मिनिटे पुढे. त्याच महिन्यात जेकब सॅसून गिरणीत कामगारांनी दंगा केला. थंडीच्या दिवसांत आणखी 39 मिनिटे आधी कामावर हजर होणे म्हणजे काय, ते पहाटे उठणाऱ्यालाच कळते. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही काळ सोडली नव्हती. आमच्याकडे असले भांडण व्हायला मनोराच नव्हता. तापी खोऱ्यातली रेल्वे 1900 च्या सुमारास नंदुरबारवरून अमळनेरकडे गेली, आणि गाडी चुकू नये म्हणून माणसे तिच्या वेळेवर चालू लागली.

आता यंत्राकडे येतो. मनोऱ्यावरचे जुने घड्याळ वजनांवर चालते. तारेच्या दोराला बांधलेली जड वजने हळूहळू खाली उतरतात, त्या ओढीने चक्रे फिरतात, आणि लंबक एका झोक्याला एकच दाता सुटू देतो. टोल्यांची चक्रे वेगळी, दर पंधरा मिनिटांच्या सुरांची आणखी वेगळी. दिवसाचे तासांचे टोलेच 156 होतात. वजन तळाला पोहोचण्याआधी कोणीतरी जिना चढून, चावी फिरवून ते वर न्यावेच लागते. लंडनच्या बिग बेनला आजही आठवड्यातून तीनदा हाताने चावी देतात. वेळ सुधारायची ती लंबकावर जुन्या पेनीचे नाणे ठेवून. एका नाण्याने दिवसाला सेकंदाच्या दोन-पंचमांशाइतका फरक पडतो. 1949 मध्ये मिनिटकाट्यावर भोरड्यांचा थवा बसला आणि ते घड्याळ साडेचार मिनिटे मागे पडले.

लंबकाची लोखंडी दांडी उन्हाने लांबते. तापमान दहा अंशांनी चढले की घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडते. आमच्या खानदेशात पौषात दहा अंश आणि वैशाखात चव्वेचाळीस. हिवाळ्यात बरोबर लावलेले घड्याळ उन्हाळ्यात दिवसाला सतरा सेकंद गमावणार, आठवड्याला दोन मिनिटे! म्हणून तर जुन्या कारागिरांनी लंबकाला लाकडी दांड्या वापरल्या, किंवा लोखंड आणि जस्त अशा जोडीने एकाचा फुगवटा दुसऱ्याने मारला. त्यावर धूळ, पावसाळी दमट हवा, गोठलेले तेल, कबुतरे. हे सगळे एका दुरुस्तीत संपत नाही.

राजाबाई टॉवरचे जतनकाम होऊन तो 2015 मध्ये पुन्हा खुला झाला. खर्च टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने उचलला. दगड धुतले, रंगीत काचा सावरल्या, हे उत्तमच झाले. पण आपल्याकडे निधी एकदाच मिळतो, आणि चावी दर आठवड्याला लागते. मग अनेक ठिकाणी सोपी वाट धरतात: जुने यंत्र काढायचे, तबकडीमागे विजेची छोटी मोटर बसवायची. काटे फिरतात, फोटो छान येतो. माझ्या मते ते जतन नव्हे. आत यंत्र नसलेला तो नुसता मुखवटा आहे. विजेने फक्त वजने वर ओढायची आणि जुनी चक्रे, लंबक, टोले तसेच ठेवायचे, हा मधला मार्ग मला मान्य आहे. चावी देणारा मिळत नाही, ही अडचण खरी आहे, आणि ती पगाराची आहे.

ज्या गावात असे घड्याळ आहे, तिथल्या नगरपालिकेच्या किंवा संस्थेच्या जुन्या किर्दी कोणी पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. दात्याची कोनशिला वाचण्यात वेळ घालवू नये. तेल, दोर, दिवा, आणि घड्याळजीचा महिन्याचा पगार या नोंदी शोधाव्यात. ज्या वर्षी त्या नोंदी थांबल्या, त्याच्या आसपासच काटेही थांबलेले सापडण्याचा संभव आहे.