अंदाजाचा कर आणि चालती बेरीज

१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. नुसत्या पगारावर जगणाऱ्याला या तारखांशी काही देणंघेणं नसतं. कंपनी दर महिन्याला कर कापते, आपण कुरकुरतो आणि विषय संपतो. पण शनिवार-रविवारी कन्सल्टिंग सुरू केलं, शेअर विकून नफा झाला, फ्लॅट भाड्याने दिला किंवा नोकरी सोडून फ्रीलान्सिंग धरलं, की एक दिवस सीए विचारतो, "अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरलात का?" टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरावा लागतो.

म्हणजे जूनमध्येच ठरवायचं, की आपण पुढच्या मार्चपर्यंत किती कमावणार आहोत! प्रोजेक्ट किती दिवसांत संपेल याचे आमचे अंदाज कसे असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको :-) पण न कमावलेल्या पैशांवर आधीच कर भरायची ही कल्पना मुळात आली कुठून? शोधत गेलो तर धागा थेट दुसऱ्या महायुद्धात पोचला.

आधी कमवा, मग भरा

भारतात प्राप्तिकर आला १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी कर्जात बुडाली होती. ती सावरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ आले. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारे तेच हे. फेब्रुवारी १८६० मध्ये त्यांनी अर्थसंकल्प मांडला, जुलैमध्ये कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात विल्सनसाहेब वारले. हा कर १८६५ मध्ये बंदही झाला. मग वेगवेगळ्या नावांनी येत-जात तो १८८६ च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला आला.

१९२२ च्या कायद्याने एक पद्धत पक्की केली: या वर्षीचा कर मागच्या वर्षीच्या कमाईवर. 'प्रीव्हियस इयर' आणि 'असेसमेंट इयर' ही जोडी, जिने पुढे कित्येक पिढ्यांना चुकीचं चलन भरायला लावलं, ती या पद्धतीचीच देन. पगारातून कर तेव्हाही कापला जायचा, त्यासाठी कलम १८ होतं. पण व्यापारी, वकील, डॉक्टर, कंत्राटदार यांचं काय? त्यांचं वर्ष संपायचं, मग विवरणपत्र जायचं, अधिकारी वह्या तपासायचा, मग आकारणीचा आदेश निघायचा आणि त्यानंतर पैसे. कमाई आणि कर यांच्यात एक वर्ष सहज जायचं, कधी त्याहून जास्त.

शांततेच्या काळात हे चालून जायचं. अंदाज करायची कोणालाच गरज नव्हती, कारण आकडा घडून गेलेला असायचा. हा त्या पद्धतीचा मोठा गुण होता. युद्धात मात्र तोच महागात पडला.

१९४३-४४: तीन देश, एकच अडचण

युद्धात सरकारला पैसा आज लागतो. शिवाय भाव दर महिन्याला चढत असतील, तर वर्षभराने आलेला कर म्हणजे घसरलेल्या किमतीचा पैसा. आणि तोवर तो लोकांच्या हातात राहून बाजारात भाव आणखी चढवतो. म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि हिंदुस्थान या तिन्ही ठिकाणी जवळपास एकाच वेळी ही मधली फट बुजवायचं ठरलं.

अमेरिकेत करदात्यांची संख्या युद्धाच्या काळात सुमारे ४० लाखांवरून ४ कोटींच्या वर गेली. आयुष्यात पहिल्यांदा कर भरणारी ही माणसं. त्यांना समजावायला सरकारने डिस्नेकडून डोनाल्ड डकचे चित्रपट करून घेतले. १९४३ च्या चित्रपटात एक काटकसरी बदक डोनाल्डला पगारातून कराचे पैसे बाजूला ठेवायला सांगतं आणि एक उधळ्या त्याला भरीला पाडत असतो. पण कार्टूनवर किती भागणार? मेसीज या प्रसिद्ध दुकानाचे खजिनदार बीअर्ड्सली रुमल यांनी सुचवलं, की कराचं घड्याळ सरळ एक वर्ष पुढे करा. अडचण एकच होती: असं केलं तर १९४३ मध्ये लोकांना १९४२ चा आणि १९४३ चा असा दुहेरी कर पडणार. म्हणून एक वर्षाचा कर माफ करा, असं रुमल यांचं म्हणणं. बरीच भांडणं होऊन जून १९४३ मध्ये कायदा झाला आणि एका वर्षाचा बहुतांश कर, साधारण ७५ टक्के, माफ झाला. पगारातून कापणी सुरू झाली, आणि ज्यांचा कर कापला जात नाही त्यांच्यासाठी अंदाजाने भरायचे तिमाही हप्ते आले. आज अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणारी आपली मराठी मंडळी ज्याला 'एस्टिमेटेड टॅक्स' म्हणतात, तो हाच. (ही कापणीची पद्धत आखणाऱ्या सरकारी चमूत तरुण मिल्टन फ्रीडमन होते. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला, कारण कर नकळत जायला लागला की सरकार तो वाढवायला मोकळं होतं, असं त्यांना वाटायचं.)

ब्रिटनची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात एक सुंदर अल्गोरिदम आहे आणि तो बसवणाऱ्या माणसाचा भारताशी संबंध आहे. पॉल चेंबर्स हे १९३५-३६ च्या भारतीय प्राप्तिकर चौकशी समितीवर होते आणि १९३७ ते १९४० या काळात भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. परत गेल्यावर त्यांच्यासमोर प्रश्न आला तो कारखान्यातल्या कामगारांचा. १९४० पासून कर पगारातून कापला जात होता, पण मागच्या कमाईवरचा. ओव्हरटाइम बंद झाला, आजारपण आलं, तरी कापणी जुन्या जोरदार कमाईचीच.

चेंबर्सची पद्धत अशी: दर आठवड्याला वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण कमाई बघायची, तक्त्यातून तिच्यावरचा एकूण कर काढायचा, त्यातून आतापर्यंत कापलेला कर वजा करायचा. उरेल तो या आठवड्याचा. कमाई घटली तर हा आकडा उणे येतो आणि पैसे परत मिळतात. वर्षाचा अंदाज कोणीच करायचा नाही, फक्त चालती बेरीज ठेवायची. अर्थमंत्री किंग्सली वूड ही योजना ज्या दिवशी जाहीर करणार होते, त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ ला, अचानक वारले. योजना मात्र एप्रिल १९४४ पासून सुरू झाली.

कलम १८अ

त्याच १९४४ मध्ये हिंदुस्थानात, अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्या काळात, १९२२ च्या कायद्यात कलम १८ च्या शेजारी एक ठिगळ लागलं: १८अ. पगाराला १८, बाकीच्यांना १८अ. महागाई तेव्हा भडकलेली होती. आदल्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली होती, आणि युद्धाच्या कंत्राटांवर दुसरीकडे पैसा वाहत होता. हा पैसा वर्षभर बाजारात फिरू देणं सरकारला नको होतं.

१८अ मध्ये अंदाज करायची युक्ती सोपी होती. अधिकारी तुमच्या शेवटच्या आकारणीवरून आकडा काढून आदेश द्यायचा आणि तो चार सारख्या हप्त्यांत भरायचा. यंदा धंदा मंदा आहे असं वाटलं तर स्वतःचा अंदाज द्यायची मुभा होती. पण तो नंतर ८० टक्क्यांहून कमी पडला, तर वर ६ टक्के व्याज. उलट, आगाऊ घेतलेल्या पैशांवर सरकार तुम्हाला २ टक्के व्याज द्यायचं. तारखा? १५ जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च! ऐंशी वर्षांपूर्वीचा तो कोड मधे बऱ्याचदा बदलून अजून प्रॉडक्शनमध्ये आहे म्हणायचा :-)

स्वातंत्र्य आलं, १९६१ चा नवा कायदा आला, तारखा आणि हप्त्यांची संख्या बदलत राहिली. खरा बदल झाला तो १९८७ च्या दुरुस्तीने. करदात्याने आपला आपण हिशोब करून भरायचं, चुकलं तर १ एप्रिल १९८९ पासून आपोआप लागणारं व्याज: कलम २३४ब आणि २३४क. अंदाजाची जबाबदारी आता मुख्यतः आपली झाली. पुढे २०१२ पासून धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सुटका मिळाली, आणि २०१६ पासून कंपन्यांप्रमाणे व्यक्तींनाही चार हप्ते आले: १५, ४५, ७५ आणि १०० टक्के.

चालती बेरीज म्हणजे काय

हे आकडे नीट बघा. ते हप्ते नाहीत, त्या तारखेपर्यंतच्या एकूण भरण्याचे आकडे आहेत. १८अ च्या सारख्या हप्त्यांपेक्षा हे चेंबर्सच्या कल्पनेच्या जास्त जवळचं आहे.

समजा, टीडीएस वजा जाता यंदा १ लाख कर बसेल असा जूनमधला अंदाज आहे. जूनमध्ये १५ हजार भरले, सप्टेंबरमध्ये ३० हजार, एकूण ४५. डिसेंबरमध्ये कन्सल्टिंगचं मोठं काम आलं आणि अंदाज १ लाख ४० हजारांवर गेला. आता ७५ टक्के म्हणजे १ लाख ५ हजार. त्यातून ४५ गेले, म्हणून डिसेंबरचा भरणा ६० हजार. मार्चमध्ये उरलेले ३५.

आधीचे दोन टप्पे मात्र शेवटच्या आकड्यावर मोजले जातात. १ लाख ४० हजारांचे १५ टक्के म्हणजे २१ हजार, ६ हजार कमी पडले. सप्टेंबरला ६३ हवे होते, १८ कमी पडले. महिन्याला १ टक्का, प्रत्येकी तीन महिने: १८० अधिक ५४०, एकूण ७२० रुपये. (जूनमध्ये १२ आणि सप्टेंबरमध्ये ३६ टक्के भरले असते तर तेवढंही लागलं नसतं.) आणि हीच जास्तीची कमाई शेअर विकून किंवा लाभांशातून आली असती, तर ती झाल्यानंतरच्या हप्त्यांत कर भरला की मागचं व्याज माफ. शेअर कधी विकाल हे जूनमध्ये कळत नाही, एवढं कायद्यालाही मान्य आहे.

म्हणजे अंदाज चुकण्याची शिक्षा तशी किरकोळ आहे. अंदाज विसरून जाण्याची मात्र मोठी आहे: चारही तारखा चुकवल्या तर व्याज दोन्ही कलमांखाली चढतं, आणि २३४ब चं तर पुढच्या एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत चालूच राहतं.

पावतीचं काय?

पूर्वी बँकेत चलन भरून शिक्का मारलेली अर्धी पावती जपून ठेवायची, हाच पुरावा. ती हरवली की भरलेला कर सिद्ध करताना नाकी नऊ यायचे. जून २००४ पासून बँकांकडून माहिती ऑनलाइन जायला लागली आणि प्रत्येक भरण्याला ओळख मिळाली: बँक शाखेचा ७ अंकी कोड, तारीख आणि ५ अंकी चलन क्रमांक. पुढे २६एएस आणि २०२१ मध्ये वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस आलं. आता सरकारकडे तुमच्या कमाईचीही बरीचशी चालती बेरीज असते.

२०२५ च्या नव्या कायद्याने, जो १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हायचं ठरलं, प्रीव्हियस आणि असेसमेंट इयरची जोडी मोडून एकच 'कर वर्ष' आणलं. १९४४ मध्ये पैशांच्या बाबतीत बुजवायला घेतलेली फट शब्दांतून जायला ऐंशी वर्षं लागली!

तेव्हा मंडळी, एक साधी एक्सेल शीट करा. चार ओळी, सहा रकाने: तारीख, वर्षाचा ताजा अंदाज, टीडीएस वजा जाता कर, आतापर्यंत भरायला हवा तो, आतापर्यंत भरलेला, चलन क्रमांक. जुना अंदाज पुसू नका, नवा खालच्या ओळीत लिहा आणि तो का बदलला ते दोन शब्दांत शेजारी टाका. मार्चमध्ये हिशोब जुळवताना त्या दोन शब्दांचाच जास्त उपयोग होतो.