टॅरंटिझम

दक्षिण इटलीच्या पुल्या प्रांतात, विशेषतः सालेंतो भागात, तारांतुला कोळी चावल्याने जडतो असा समज असलेला विकार. त्यावर वाद्ये वाजवून रुग्णाला नाचवणे हा रूढ उपाय होता. मध्ययुगाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंत ही प्रथा टिकली.

रुग्ण बहुधा शेतमजूर बायका, आणि काळ कापणीचा, जून महिन्याचा. बाई गळाठून जाई, रडत राही, कधी भान हरपे. मग व्हायोलिन, खंजिरी, गिटार वाजवणाऱ्यांना घरी बोलावत. जमिनीवर पांढरी चादर अंथरून तिला त्यावर ठेवत. वादक एकेक चाल वाजवून कशाने अंग हलते ते हेरत. खरे कसब यातच होते. चाल लागू पडली की बाई आधी कोळ्यासारखी सरपटे, मग उठून नाचू लागे. रंगीत फितींपैकी एखाद्याच रंगाकडे तिची ओढ असे. हे तासन्‌तास, प्रसंगी काही दिवस चाले आणि वादकांची बिदागी भागवताना गरीब घर मेटाकुटीला येई. अशा वादकांपैकी एक, नार्दो गावचे व्हायोलिनवादक लुइजी स्तीफानी, पेशाने न्हावी होते. पुढल्या उन्हाळ्यात त्रास पुन्हा उलटे, म्हणजे ‘बरी झाली’ हे त्या वर्षापुरतेच.

आथानाझियस किर्शर या जेझुइट विद्वानाने 1641 मध्ये या उपचारातील काही चाली स्वरलेखनासह छापल्या. संगीताने विष ढवळले जाऊन घामावाटे उतरते, अशी उपपत्ती तेव्हा मांडली जाई. नेपल्सचे वैद्य फ्रांचेस्को सेराओ यांनी 1742 मध्ये कोळ्याला जवळजवळ निर्दोष ठरवले. ते बरोबरच होते: तारांतुला दिसायला भयंकर, पण तिचा दंश सौम्य असतो. स्नायू आखडणे, घाम, तगमग ही लक्षणे भूमध्य प्रदेशातल्या दुसऱ्याच, लहान काळ्या कोळ्याच्या दंशाशी जुळतात. मात्र अनेक रुग्णांना काहीच चावलेले नसे.

मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तीनो यांनी 1959 मध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ, तसेच संगीत-अभ्यासक दिएगो कार्पितेल्ला यांना सोबत घेऊन सालेंतोत पाहणी केली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1961 चा. लादलेले लग्न, मोडलेले प्रेम, घरातला मृत्यू अशी बोलता न येणारी दुःखे या विधीत वाट काढतात, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडील अंगात येण्याशी साम्य उघड आहे. या विधीला धार्मिक बाजूही होती: गालातीना गावातल्या संत पॉलच्या प्रार्थनामंदिरात 29 जूनला, संताच्या सणाला, रुग्ण जमत आणि तिथल्या विहिरीचे पाणी पीत.

याच परंपरेतील ‘पिझिका’ संगीताचा महोत्सव 1998 पासून सालेंतोत भरतो. मेल्पिन्यानो गावातल्या त्याच्या समारोपाला प्रचंड गर्दी लोटते.