585 किलोहर्ट्झवरची शाळा

हा भाग वाचत असाल तर ठीक, ऐकत असाल तर मागे रातकिडे ऐकू येतील. ते काही काढता आले नाहीत. मी सध्या घरी आहे, अहेरीपासून थोडं आत.

आज ऑनलाइन शाळेचा इतिहास. थांबा, पुढे ढकलू नका. यातली एक गोष्ट अशी आहे की ती तुमच्या खिशातल्या महागड्या फोनला पकडताच येत नव्हती.

2020 चा पावसाळा. शाळा मार्चपासून बंद. मी कॉलेज सोडून घरी आलेली, धाकटा भाऊ तिसरीत. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावानं सरकारकडून रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर यायचा, त्यात दीक्षा अॅपच्या लिंक. आमच्याकडे 'रोज' म्हणजे बाबा तालुक्याला गेले की. फोन रेंजमध्ये आला की पंधरा दिवसांचा अभ्यास एकदम टुंग टुंग वाजायचा. व्हिडिओ उघडेपर्यंत बाबा परत जंगलात.

20 जुलैला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केलेली मालिका, पहिली ते आठवी, 480 भाग. चांगली होती, खरंच. पण पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की आमच्याकडची लाइन दोन-दोन दिवस येत नाही, त्याला मालिका काय करणार?

मग कळलं की नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' लागते. प्रथम ही संस्था आणि नागपूर विभागातलं प्रशासन यांनी मिळून चालवलेला कार्यक्रम. गावातल्या पोरांनी लगेच फोनमध्ये इअरफोन खोचले, एफएम लावला. काहीच नाही! कारण नागपूर 'अ' केंद्र एफएमवर नाही, मीडियम वेव्हवर आहे, 585 किलोहर्ट्झ, 300 किलोवॅटचा ट्रान्समीटर. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, डोंगर आला की संपली. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांबवर सरकत येते. फोनमध्ये ती पकडायची सोयच नसते. आकाशवाणीचं अॅप आहे, पण त्याला इंटरनेट लागतं. म्हणजे फिरून तिथंच.

शेवटी आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढला. सेलच्या खणातला गंज चाकूनं खरवडला, आणि खरखरीतून एका बाईंचा आवाज आला. अंगणात सात पोरं बसली. त्यातला एक शेजारच्या टोल्यावरचा, भावाच्याच वर्गातला. घरी माडिया बोलणारा. तो दर दोन मिनिटांनी भावाला ढोसायचा. भाऊ त्याच्या कानात माडियात काहीतरी सांगायचा. भावाला ती भाषा कुणी शिकवलेली नाही, खेळताना आलेली. मला आजही वाटतं, त्या अंगणातला खरा शिक्षक माझा तिसरीतला भाऊ होता. आणि त्याला अर्धं चुकीचं कळलेलं असायचं, हेही तितकंच खरं.

आता थोडं मागे जाऊ. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, एक वर्ष, भारतानं नासाचा एटीएस-6 उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत टीव्ही दाखवला. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. मध्य प्रदेश आणि आंध्र त्यात होते, आणि आमची हद्द तेव्हा दोघांनाही लागत होती. महाराष्ट्र नव्हता. (गडचिरोली जिल्हाही नव्हता म्हणा, तो 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला.) कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड, ओडिया अशा चार भाषांत. मध्य भारतात एवढे गोंड लोक राहतात, पण गोंडी त्यात नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास 30 लाख आहेत, तरी आठव्या अनुसूचीत ती अजून नाही.

मग 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी आली. शाळेचे धडे दूरदर्शनवर दाखवणारी ही संस्था 2017 मध्ये बंद झाली.

त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि इथं मला खरी गंमत वाटते. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांची. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशननं सांगितलेली हकिकत अशी: शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक कळत नव्हतं, म्हणून गुरुजी ती भाषा शिकले, पुस्तकं मुलींच्या भाषेत आणली आणि त्यात कोड घातले. म्हणजे कोड हा पुस्तकापासून घरच्या भाषेपर्यंत जायचा रस्ता होता! भावाच्या पुस्तकातला कोड आम्ही अहेरीला नेऊन स्कॅन केला. उघडलं ते मराठी धड्याचं मराठी स्पष्टीकरण. कोड राज्यभर गेला, भाषेचा भाग परितेवाडीतच राहिला.

तंत्र नव्हतं असंही नाही. मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी 2018 मध्ये. छत्तीसगडात शुभ्रांशू चौधरींनी 2010 मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या बटणाच्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, आपल्या भाषेत बोलून रेकॉर्ड करायचं किंवा दुसऱ्यानं बोललेलं ऐकायचं. इंटरनेट लागत नाही. पुढे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर गोंडी गोष्टीही आल्या, गोंडांनीच भाषांतर केलेल्या. पण शाळेच्या दप्तरात या गोष्टी मी पाहिलेल्या नाहीत.

तो टोल्यावरचा मुलगा आता मोठा झालाय, मराठी माझ्याइतकीच बोलतो. परवा त्याला विचारलं, रेडिओवरचं काही आठवतं का? म्हणाला, "त्या बाईंचा आवाज आठवते, ताई. काय सांगत होत्या ते तुमच्या भावाला विचारा."

भावाला विचारलं. त्याला काहीच आठवत नाही.

पुढच्या भागात झाडीपट्टीची नाटकं. तोवर राम राम, आणि टोल्यावर ऐकणाऱ्यांना जोहार.